पडून राहिलेला लहान ट्रॅक्टर पुन्हां कामास कसा लावावा

(लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, फुलसावंगी, ता. महागांव, जि. यवतमाळ)

बैल आणि यंत्र यांच्यांत एक मोठा भेद आहे. बैल कामावांचून उभा राहिला तरी त्याला वैरणपाणी लागतें. तें न मिळाल्यास तो हंबरतो, आणि कोणाचें तरी लक्ष त्याच्याकडे जातें. यंत्र कांहींच मागत नाहीं. तें मुकाट्यानें गंजत राहतें आणि धनी म्हणतो, "पडलें आहे, पाहूं पुढें." अशा रीतीनें एक पावसाळा जातो, दुसरा जातो, आणि गोठ्याच्या आडोशाला, निंबाखालीं किंवा कुडाला लागून एखादा लहान ट्रॅक्टर अंगावर वेल चढलेल्या स्थितींत उभा असलेला दिसतो. धन्याच्या लेखीं तो मेलेला असतो. वस्तुतः पुष्कळदां त्याच्या मुख्य अवयवांस कांहीं झालेलें नसतें. तेल नासलेलें, डिझेल आंबलेलें आणि बॅटरी मेलेली, एवढीच त्याची दुखणीं असतात. असा ट्रॅक्टर भंगाराच्या भावानें देऊन टाकण्यापूर्वीं काय पाहावें, कोणत्या क्रमानें पाहावें आणि कोठें थांबावें, हें आमच्या शेतकरी बांधवांस सांगावें ह्या हेतूनें पुढील मजकूर लिहिला आहे.

जुनें यंत्र सुधारून शेतीस लावणें ही गोष्ट आपल्या देशास नवी नाहीं. दुसरें महायुद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेनें हिंदुस्थानांत मागें ठेवलेले ट्रॅक्टर सरकारनें घेतले, ते दुरुस्त करविले, आणि सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन नांवाचें खातें उभारून मध्य हिंदुस्थानांतील कांस माजलेल्या जमिनी नांगरून काढण्यास आरंभ केला. पुढें १९४९ सालीं जागतिक बँकेनें भारतास शेतकी यंत्रांकरितां एक कोटि डॉलरचें कर्ज दिलें, तेंही ह्याच कामासाठीं होतें. कांसाच्या मुळ्या काळ्या जमिनींत किती खोल जातात हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस त्या जुन्या यंत्रांनीं केलेल्या कामाची किंमत निराळी सांगावयास नको.

लोखंडावर आपल्या शेतकऱ्याचा विश्वास बसण्यासही काळ लागला. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर करण्यास सुरुवात केली, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी शंका लोक घेत असत. आज तशी शंका कोणी घेत नाहीं. परंतु यंत्र बंद पडलें कीं तें आपल्या हातचें राहिलें नाहीं, ही समजूत मात्र शिल्लक आहे. ती दूर करणें जरूर आहे, कारण बैलजोडी ठेवणें लहान कास्तकारास दिवसेंदिवस जड होत चाललें आहे. चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या घरांत जाते, गुढी पाडव्याला सालगडी मिळत नाहीं, आणि सोयाबीन आल्यापासून ज्वारीच्या कडब्याच्या गंजी कमी झाल्या.

ज्या ट्रॅक्टराविषयीं येथें लिहावयाचें आहे, तो पंधरा अश्वशक्तीच्या सुमाराचा, एका सिलिंडरचा, पाण्यानें थंड होणारा डिझेल ट्रॅक्टर होय. त्याची रुंदी सुमारें तीन फूट असल्यामुळें चार फुटांवर लावलेल्या कपाशीच्या तासांतून तो डवरणीसाठीं चालतो, संत्र्याच्या बागेंत झाडांखालून फिरतो आणि लहान धुऱ्यावर वळतो. मोठ्या ट्रॅक्टरास हें साधत नाहीं.

प्रस्तुत प्रकरण

माझ्या धाकट्या बहिणीचें सासर पैनगंगेच्या बाजूस एका खेड्यांत आहे. तिच्या यजमानांनीं असा एक ट्रॅक्टर कर्जानें घेतला होता. त्यांचें निधन झालें तेव्हां मुलगा शिकत होता. ट्रॅक्टर गोठ्यामागें उभा राहिला तो चार पावसाळे तसाच. पांच एकर कोरडवाहू शेत, बैल विकलेले, आणि प्रत्येक वखरपाळी व डवरणी दुसऱ्याच्या भाड्यानें. भाड्याचा ट्रॅक्टर आपल्याकडे येतो तो मालकाचें व त्याच्या भाऊबंदांचें काम उरकल्यावर. तोंपर्यंत वाफसा निघून जातो. गेल्या चैत्रांत भंगारवाला येऊन २२,००० रुपये सांगून गेला. भाच्यानें मला फोन केला, "मामाजी, आई म्हणते देऊन टाकूं. तुम्ही एकदां पाहून घ्या, मग आम्ही हो म्हणतों."

मीं गांवांतील एका वृद्ध मिस्त्रीस बरोबर घेतलें. ह्या मिस्त्रीनें तरुणपणीं विहिरीवरचीं डिझेल इंजिनें दुरुस्त करण्यांत हात बसविला होता. त्यानें ट्रॅक्टराभोंवतीं एक फेरी मारली आणि मला म्हणाला, "बाबूजी, आज याला चालू करावयाचें नाहीं. आज नुसतें विचारावयाचें." सर्व कामाचें मर्म ह्या एका वाक्यांत आहे. पडलेलें यंत्र दिसलें कीं दहा माणसें गोळा होतात, कोणी धक्का मारा म्हणतो, कोणी दुसऱ्या ट्रॅक्टरानें ओढा म्हणतो. आंतील भाग अडकलेला असतां यंत्र ओढलें तर जें पांचशें रुपयांत सुटलें असतें तें पन्नास हजारांत जातें.

आधीं कागद

लोखंडास हात लावण्यापूर्वीं मीं कागद मागितले, कारण तीस वर्षें मीं तेंच काम केलें. दुरुस्तीस पैसा घालावयाचा तर ट्रॅक्टर निर्वेधपणें आपला आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

नोंदणी पुस्तकांत बँकेचा किंवा सावकारी कंपनीचा हक्क लिहिलेला असतो. कर्ज फिटलें म्हणजे तो आपोआप निघत नाहीं. बँकेचा बेबाकी दाखला व नमुना ३५ घेऊन परिवहन कार्यालयांत अर्ज करावा लागतो. मूळ मालक मयत असल्यास वारसानें नमुना ३१ भरून नांव बदलून घ्यावयाचें असतें. मृत्यूची खबर तीस दिवसांत व अर्ज तीन महिन्यांत द्यावा असा नियम आहे. मुदत टळली असल्यास जादा रक्कम भरावी लागते. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असून पुढें पांच पांच वर्षांनीं नूतनीकरण होतें. रस्त्यावर आणावयाचा तर निदान तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा कायद्यानें आवश्यक आहे.

दुसरा कागद सातबाराचा. ट्रॅक्टरच्या कर्जास बहुधा जमीन तारण असते व "इतर हक्क" ह्या रकान्यांत बोजा चढलेला असतो. कर्ज फेडूनही बोजा तसाच राहिलेले उतारे मीं माझ्या नोकरींत पुष्कळ पाहिले. शेतकऱ्याला तें कळतें तें पुढच्या पीककर्जाच्या वेळीं, किंवा मुलीच्या लग्नासाठीं एकर दोन एकर विकावयास निघाल्यावर. बेबाकी दाखल्यासह तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार नोंद करवावी, ती प्रमाणित झाल्यावर नवा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनीं वाचावा. माझ्या बहिणीचें कर्ज यजमानांच्या हयातींतच फिटलें होतें. तिच्या ट्रंकेंत दाखलाही निघाला, परंतु बोजा मात्र उताऱ्यावर होता. तो कमी करविण्यास ट्रॅक्टर चालू करण्यापेक्षां अधिक दिवस लागले. मात्र ट्रॅक्टर भंगारांत गेला असता तर हा दाखला कोणी शोधलाच नसता.

बिनपैशाची पाहणी

पहिल्या दिवशीं एक पैसाही खर्च करावयाचा नाहीं. काठीनें खालचा पालापाचोळा हलवून साप-विंचू नाहीं अशी खात्री करावी. मग हवेची गाळणी, धुराडें आणि बसण्याची जागा पाहावी. उंदरांनीं हवेच्या नळींत कापूस भरून घर केलेलें असतें, कुंभारीण माशीनें लहान नळ्यांचीं तोंडें मातीनें लिंपलेलीं असतात, आणि वायरी कुरतडलेल्या असतात. हें सर्व काढून स्वच्छ केल्याशिवाय इंजिन फिरवूं नये, नाहीं तर तो कचरा सरळ सिलिंडरांत जातो.

नंतर तेलाची काडी ओढून पाहावी. तेल काळें असणें हा दोष नव्हे. तें दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. तें पातळ होऊन पातळी वाढलेली असेल तर त्यांत डिझेल उतरलें आहे. दोन्ही स्थितींत कारण सांपडल्याशिवाय पुढें जाऊं नये. इंजिनाच्या बाहेरील अंगावर भेग आहे काय, रेडिएटरांत पाणी राहून खालचा भाग कुजला आहे काय, गिअरपेटीखालीं तेलाचें थारोळें आहे काय, हें पाहावें.

मुख्य प्रश्न एकच : इंजिन हातानें फिरतें काय? गिअर मोकळा करावा, दाब मोकळा करण्याचा खटका असल्यास तो उचलावा, आणि पुढील चाकाच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावें. तें फिरलें तर निम्मी लढाई जिंकली. न फिरल्यास जोर लावूं नये. इंजेक्टर काढून त्या छिद्रांतून थोडें डिझेल व इंजिन तेल समभाग सोडावें आणि दोन-तीन दिवस मुरूं द्यावें. पिस्टनाच्या कड्यांना व सिलिंडराला धरलेला गंज त्यानें सुटतो. मग पाना एकदां इकडे, एकदां तिकडे, अगदीं अंगुळभर हलवीत जावें. आमचें इंजिन तिसऱ्या दिवशीं सकाळीं सुटलें. सुटल्यावर इंजेक्टर बसविण्यापूर्वीं तें पुन्हां पुन्हां फिरवून आंत सांचलेलें तेल बाहेर टाकलें, कारण तेल दाबलें जात नाहीं. तें आंत राहिलें असतां सेल्फ मारल्यास कनेक्टिंग रॉड वांकतो.

एवढें करूनही जें इंजिन सुटत नाहीं, ज्याच्या अंगाला भेग आहे, किंवा ज्याचे सुटे भाग बाजारांत मिळेनासे झाले आहेत, त्याच्यावर पैसा घालूं नये. येथें थांबणें हाही शहाणपणाच आहे.

तेल, पाणी, डिझेल

यंत्र फिरतें असें ठरल्यावर खर्चास आरंभ करावा. प्रथम जुनें इंजिन तेल पूर्ण काढावें. चार वर्षें उभ्या राहिलेल्या तेलांत आम्ल व ओल जमलेली असते, आणि तें बेअरिंगांना खातें. गाळणी बदलून पुस्तकांत लिहिलेल्या प्रतीचें व मापाचें तेल भरावें. गिअरपेटीचें व हायड्रॉलिकचें तेल निराळें पाहावें. आमच्या हायड्रॉलिकच्या तेलांत पाणी होतें, कारण वरचें झांकण चार पावसाळे उघडें राहिलें होतें.

रेडिएटर स्वच्छ पाण्यानें उलट बाजूनें धुवावा. रबरी नळ्या बोटांनीं दाबून पाहाव्या. कडक होऊन चिरलेल्या असतील त्या बदलाव्या. नुसतें विहिरीचें पाणी घालूं नये. आमच्या भागांतील पाण्यांत क्षार असतात व त्यांचा थर आंत बसतो. शीतक द्रव आणि शुद्ध पाणी यांचें मिश्रण घालावें. पंख्याच्या पट्ट्याला तडे असल्यास तोही बदलावा.

डिझेलविषयीं लोकांची समजूत आहे कीं तें कधीं नासत नाहीं. तें खरें नव्हे. अर्धवट भरलेल्या टाकींत हवेंतील ओल थंडीनें पाणी होऊन तळाशीं बसते; पाणी व डिझेल यांच्या सांध्यावर सूक्ष्म जंतु वाढून काळसर बुळबुळीत गाळ तयार होतो. टाकी उतरवून हा गाळ धुवून काढावा, नळ्या फुंकून मोकळ्या कराव्या, गाळणी नवी घालावी, मगच ताजें डिझेल भरावें.

ह्यानंतर हवा काढावयाची. डिझेल इंजिनाच्या नळींत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तें चालू होत नाहीं. ह्या इंजिनांत ठिणगी नसते. हवा सोळापासून वीसपटीपर्यंत दाबल्यानें ती इतकी तापते कीं त्यांत उडविलेलें डिझेल आपोआप पेटतें. तें बारीक तुषार होऊन उडण्यास पंपाचा दाब लागतो, आणि नळींत हवा असल्यास पंप ती हवाच दाबीत बसतो. म्हणून गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा, फेंस जाऊन सलग धार आली म्हणजे स्क्रू आवळावा. पुढें पंपावरील स्क्रूचें तसेंच करावें. शेवटीं इंजेक्टरजवळील नळीची नट अर्धा फेरा सैल करून इंजिन फिरवावें व डिझेल आलें कीं नट आवळावी. हें काम दोघांनीं करावें व घाई करूं नये.

इंजेक्टर तपासावयास आम्ही तो पुसदला पाठविला. त्याची तपासणी घरीं करूं नये. त्यांतून निघणारें डिझेल वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक दाबानें सुटतें आणि तें कातडी भेदून मांसांत शिरतें. जखम टांचणी टोंचल्याएवढी दिसते, परंतु आंत विष पसरून बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असें कोणास झाल्यास वाट न पाहतां त्याला तत्काळ मोठ्या दवाखान्यांत न्यावें व डिझेल आंत शिरलें आहे असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

बॅटरी चार वर्षें उभी राहिली तर ती मेलीच असें समजावें. बारा व्होल्टची चांगली बॅटरी पूर्ण भरल्यावर सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. जोडतांना ऋण तार शेवटीं लावावी, काढतांना ती प्रथम काढावी. चार्ज होत असतां बॅटरींतून पेटणारा वायु निघतो. जवळ बिडी ओढूं नये.

पहिली चांचणी

यंत्र चालू करण्याचा पहिला क्षण हा सर्वांत धोक्याचा असतो. आमच्या फुलसावंगीस हें निराळें सांगण्याची जरूर नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें ह्या गांवांतील एका चोवीस वर्षांच्या कारागीर तरुणानें, शाळेंतलें शिक्षण थोडें असतांना, स्वतःच्या हातांनीं एका माणसाचें हेलिकॉप्टर तयार केलें होतें. त्याची चांचणी चालू असतां पातें तुटलें आणि त्या आघातानें त्याचा अंत झाला. त्याची बुद्धि व चिकाटी पाहून गांवाला अभिमान वाटत होता. त्याच्या मृत्यूनें तितकेंच दुःख झालें. खेड्यांतील मुलांच्या अंगीं यंत्राचें ज्ञान उपजत असतें, हें त्यानें दाखवून दिलें. आतां अशा मुलांच्या चांचणीच्या वेळीं बंदोबस्त ठेवणें हें आम्हां वडील माणसांचें काम आहे. ट्रॅक्टर लहान असला तरी तोच नियम.

चांचणी उघड्या जागेंत करावी, बंद खोलींत धूर प्राणघातक होतो. मुलें व बघे वीस पावलें दूर ठेवावे. चाकांना दगड लावावे, गिअर मोकळा आहे हें दोघांनीं स्वतंत्रपणें पाहावें. इंजिन बंद करण्याचा दांडा मोकळा फिरतो काय, हें आधीं पाहावें. पंपाचा दांडा गंजून अडकला असेल तर इंजिन चालू होतांच वेग वाढत जातो आणि तें आवरत नाहीं. म्हणून एका माणसानें हवेच्या तोंडाजवळ लांकडाची सपाट फळी घेऊन उभें राहावें. वेग आवरेनासा झाल्यास त्यानें फळीनें तें तोंड दाबून बंद करावें, म्हणजे हवेअभावीं इंजिन विझतें. तेथें हात लावूं नये. हवेच्या नळींत पेट्रोल किंवा ईथर टाकून चालू करण्याची युक्ति कोणी सांगितली तरी ऐकूं नये.

आमचें इंजिन पांचव्या प्रयत्नास धरलें. पहिल्या कांहीं सेकंदांत तेलाच्या दाबाचा दिवा विझला पाहिजे. न विझल्यास ताबडतोब बंद करावें. मग धूर पाहावा. प्रथम पांढरा धूर येतो. इंजिन तापल्यावर तो जावा. न गेल्यास इंजेक्टर नीट उडवीत नाहीं किंवा पाणी आंत येत आहे. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे, कड्या झिजल्या आहेत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आमच्याकडे पंधरा मिनिटांनीं किंचित् निळसर छटा राहिली. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, उपास सोडल्याबरोबर पंगतीची अपेक्षा करूं नका. दहा तास हलकें चालवा, मग सांगतों." दहा तासांनंतर ती छटा बरीच कमी झाली व पुन्हां तेल बदललें.

पुढें क्लच अडकलेला निघाला. त्याची तबकडी गंजानें चिकटते. इंजिन बंद ठेवून पायटा दाबला व लांकडी खुंटीनें तसाच अडकवून दोन रात्री ठेवला, नंतर ट्रॅक्टर गिअरमध्यें टाकून हातानें पुढेंमागें हलवितां तो सुटला. इंजिन चालू असतां गिअर टाकून तो झटक्यानें सोडविण्याचा प्रयत्न करूं नये. ब्रेक दोन्ही बाजूंनीं सारखे धरतात काय, स्टीअरिंगमध्यें ढिलाई किती, टायरांना भेगा किती, हें पाहूनच ट्रॅक्टर अंगणाबाहेर काढला. पुढचे टायर बदलावे लागले; मागचे भेगाळलेले असले तरी शेतांत चालण्याजोगे होते.

खर्चाचा तपशील

वाचकांस अंदाज यावा म्हणून ह्या एका प्रकरणाचा हिशेब देतों. गांव व यंत्र यांप्रमाणें तो कमीजास्त होईल.

बॅटरी – रु. ५,२००
इंजिन तेल व गाळणी, दोन वेळां – रु. ३,४००
डिझेलची व हवेची गाळणी, नळ्या – रु. २,१५०
रेडिएटर सफाई, रबरी नळ्या, पट्टा, शीतक – रु. ३,३००
इंजेक्टर तपासणी व नवी नोझल – रु. २,६००
गिअरचें व हायड्रॉलिकचें तेल – रु. ४,७५०
पुढचे दोन टायर व ट्यूब – रु. ५,९००
वायरी व सेल्फची दुरुस्ती – रु. २,४००
मिस्त्रीची मजुरी – रु. ६,५००
एकूण – रु. ३६,२००

कागदपत्रांचा व विम्याचा खर्च निराळा. ह्यांत भंगाराचे न मिळालेले २२,००० रुपये मिळविले, तर ट्रॅक्टर घरास ५८,२०० रुपयांस पडला असें धरलें पाहिजे. प्रामाणिक हिशेब असाच मांडावयाचा असतो. नुसता दुरुस्तीचा खर्च पाहून स्वस्त पडला म्हणणें बरोबर नव्हे. तरीही एका बऱ्या बैलजोडीच्या किंमतीहून ही रक्कम कमीच भरते, आणि उभ्या ट्रॅक्टरास वैरण लागत नाहीं.

काम व त्याची मर्यादा

मृगाच्या पूर्वीं वखरपाळी घरच्या ट्रॅक्टरानें झाली. पाऊस पडून वाफसा आला त्याच दिवशीं भाचा शेतांत उतरला. भाड्याची वाट पाहावी लागली नाहीं. कपाशींत तीन डवरण्या वेळेवर झाल्या, व तण कोंवळें असतांच मेल्यानें निंदणाची मजुरी कमी लागली. आजूबाजूच्या दोघांचें कामही त्यानें करून दिलें.

परंतु लहान ट्रॅक्टराकडून मोठ्याचें काम मागूं नये. खोल नांगरट त्याच्यानें होत नाहीं. ती उन्हाळ्यांत मोठा ट्रॅक्टर लावूनच करावी. आमच्या काळ्या जमिनींत ओल जास्त असतां चाकें घसरतात, माती दाबली जाते आणि क्लच जळतो. सोयाबीनच्या अरुंद तासांत तो जात नाहीं. कपाशी कमरेएवढी होऊन फांद्या मिळाल्या म्हणजे त्याला शेतांत नेऊं नये.

एक सूचना प्राणाशीं संबंध असणारी आहे. मागील शक्तिदंड, ज्यावर रोटाव्हेटर किंवा फवारा चालतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचें किंवा पदराचें टोंक त्यांत अडकलें तर माणसाला ओरडण्यासही अवधि मिळत नाहीं. त्यावरील झांकण जुन्या ट्रॅक्टरावर बहुधा नसतें. तें नवें बसविल्याशिवाय दंड चालू करूं नये. माझ्या बहिणीस शेतांत भाकरी घेऊन जावयाचें असतें, म्हणून हें झांकण मीं सर्वांत प्रथम बसवून घेतलें. त्याचप्रमाणें मडगार्डवर कोणास बसवूं नये, आणि उताराच्या धुऱ्यावर आडवा ट्रॅक्टर चालवूं नये.

पुन्हां पडूं नये म्हणून

दुरुस्त केलेलें यंत्र पुढच्या उन्हाळ्यांत तसेंच उभें केल्यास सर्व खर्च वायां जातो. हंगाम संपल्यावर तें धुवावें, ग्रीस भरावें, डिझेलची टाकी तोंडोतोंड भरून ठेवावी म्हणजे ओल जमण्यास जागा राहत नाहीं. बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. टायरांवरील भार कमी व्हावा म्हणून आंसाखालीं लांकडी ठोकळे द्यावे. धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घालावा. पंधरवड्यांतून एकदां डबा काढून व तार जोडून इंजिन पुरतें तापेपर्यंत चालवावें. नुसतें दोन मिनिटें चालवून बंद केल्यास आंत ओल सांचते व लाभापेक्षां हानीच होते. आणि एका वहींत तेल बदलल्याची तारीख, चाललेले तास व झालेला खर्च लिहीत जावें. आमच्या भाच्यानें ही वही ठेवली आहे व तींतील पहिली नोंद त्याच्या आईच्या हातची आहे.

तात्पर्य, ज्यांच्या घरीं असें यंत्र पडून आहे त्यांनीं तें विकावयाचें कीं सुधारावयाचें हा निर्णय भंगारवाला दारांत उभा असतां करूं नये. प्रथम कागद पाहावे, मग इंजिन हातानें फिरवून पाहावें, आणि एका जाणत्या मिस्त्रीचें मत घ्यावें. ह्या तीन गोष्टींस विशेष पैसा लागत नाहीं. इतकें करून यंत्र निरुपयोगी ठरलें तर खुशाल विकावें. कामाचें ठरलें तर पेरणीच्या निदान सहा आठवडे आधीं दुरुस्ती सुरू करावी, म्हणजे पावसाचा पहिला थेंब पडेल तेव्हां आपण दुसऱ्याच्या दारीं उभे असणार नाहीं.